शिपायाचा रोजमुरा आणि साष्टीची जमीन : पोर्तुगीज भूसैन्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

इ. स. १५४८ मध्ये पोर्तुगीज सरकारने आंतोनियो पेसोआ याला लष्करी सेवेबद्दल साष्टी बेटावरची सात गावे बक्षीस दिली. कुर्ला, मोहिली, कोलेकल्याण, मरोळ, सहार आणि असल्फे ही त्यांतली. आजचा वाकोला कोलेकल्याणच्या हद्दीत येतो. इथल्या जमिनीच्या कागदपत्रांवर अजूनही त्याच गावाचे नाव लागते. वाकोल्याचा पूल, कलिन्याची लष्करी छावणी, मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी हा सारा परिसर ज्या शिवारावर उभा आहे, ते शिवार एके काळी एका युरोपीय राजाच्या चाकरीचा मोबदला म्हणून दिले गेले होते.

पोर्तुगालच्या भूसैन्याची रचना आणि शिक्षण हा विषय मराठी अभ्यासकाला परका वाटतो. लिस्बन दूर, भाषा अनोळखी आणि ग्रंथ सहज हाती न लागणारे. पण १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, हे सैन्य आपल्या अंगणात होते. ते वसई, ठाणे, वांद्रे, वेसावे, चौल इथे राहत होते, आपल्या गावांच्या उत्पन्नावर पोसले जात होते आणि आपल्या माणसांना नोकरीला ठेवत होते. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम मराठी मनात कायमची कोरलेली आहे. ज्या फौजेशी ती मोहीम लढली गेली, ती फौज कशी उभी राहिली, तिला पगार कोण देई आणि तिची कवायत कोण घेई, हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी विचारले. या प्रश्नांकडे वळणाऱ्या नव्या अभ्यासकाचे स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.

कोणत्याही सैन्याचा अभ्यास तीन साध्या प्रश्नांपासून सुरू करता येतो. माणसे कुठून आणायची? त्यांना पोसायचे कसे? आणि त्यांना शिकवायचे कोणी? लढाया, किल्ले, सेनापतींची शौर्ये या गोष्टी नंतर येतात. माझा अनुभव असा की तिन्हींमध्ये मधला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पोसण्याची व्यवस्था बिघडली की भरती बिघडते आणि कवायत कागदावर उरते. पोर्तुगीज सैन्याचा साष्टीतला इतिहास याचा ठळक दाखला आहे.

आधी माणसांचे पाहू. सोळाव्या शतकात पोर्तुगालची लोकसंख्या दहा-पंधरा लाखांच्या आसपास होती. एवढ्या लहान देशाला ब्राझील, आफ्रिकेचा किनारा, होर्मुझ, गोवा, मलाक्का इतक्या ठिकाणी शिबंदी ठेवायची होती. लिस्बनहून गलबतांचा काफिला मार्च-एप्रिलमध्ये निघे आणि सगळे नीट पार पडले तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोव्याला लागे. वाटेत रोगराईने अनेक जण दगावत. जे उतरत त्यांची नावे गोव्याच्या 'मात्रिकुला' कचेरीत चढत. शिपायाचे नाव, बापाचे नाव आणि मूळ गाव एवढी नोंद झाली की तो राजाचा चाकर ठरे.

हिंदुस्थानातल्या पोर्तुगिजांचे ठोकळमानाने दोन वर्ग होते. 'सोल्दादु' म्हणजे अविवाहित, लढाईला केव्हाही बोलावता येणारा माणूस. 'कझादु' म्हणजे लग्न करून स्थायिक झालेला नागरिक. त्याने शहराच्या रक्षणासाठी हत्यार उचलायचे. वसई, ठाणे, चौल इथली कझादु कुटुंबे हा उत्तरेकडच्या मुलखाचा कणा होता. पण या दोन वर्गांच्या बळावर एकही ठाणे राखता आले नसते. त्यांच्या जोडीला 'लास्कारिं' म्हणजे स्थानिक शिपाई असत, त्यांचे नायक असत, धर्मांतरित ख्रिस्ती गावकरी असत आणि मालकाबरोबर हत्यार घेऊन उभे राहणारे गुलामही असत. पोर्तुगीज फौज म्हटले की डोळ्यांपुढे फक्त टोपीवाले उभे करण्याची सवय अभ्यासकाने पहिल्याच दिवशी सोडावी. त्या फौजेत इथल्या मातीची माणसे मोठ्या संख्येने होती आणि त्यांच्याविषयीचे कागद आपण अजून पुरते वाचलेले नाहीत.

आता पोसण्याचे. गोव्यात आलेल्या शिपायाला बारा महिने छावणीत ठेवण्याची पद्धत बराच काळ नव्हती. आरमार निघे तेव्हा तो चढे आणि पगाराला पात्र होई. पावसाळ्यात समुद्र बंद असे, जहाजे किनाऱ्याला लागलेली असत आणि शिपाई रिकामा असे. त्या महिन्यांत त्याला जेवू घालणारा कोणी तरी 'फिदाल्गु', म्हणजे उमराव, शोधावा लागे. ज्याच्या पंगतीला जेवायचे त्याच्याच हाताखाली पुढच्या मोसमात लढायचे, असा हा व्यवहार होता. शिपायाची निष्ठा राजाच्या निशाणापेक्षा त्या पंगतीशी जास्त बांधलेली राहिली, यात नवल नाही. पगाराचे हप्ते ठरलेले असत, पण ते वेळेवर पडत नसत. किल्ल्यांची कप्तानी साधारण तीन वर्षांसाठी दिली जाई, तीही पूर्वीच्या चाकरीचे बक्षीस म्हणून. तीन वर्षांत जे कमवायचे ते कमवून घ्यावे, ही वृत्ती त्यातून वाढली. मेलेल्या किंवा पळालेल्या शिपायांची नावे हजेरीपटावर ठेवून त्यांचा पगार उचलणे ही या व्यवस्थेची जुनी व्याधी होती.

ही व्याधी परक्यांनी रंगवलेली नाही, पोर्तुगिजांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. दियोगु दु कौतु हा इतिहासकार तरुणपणी शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला आणि पुढे गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख झाला. त्याचा 'सोल्दादु प्राटिकु' हा संवादरूप ग्रंथ म्हणजे मुरलेल्या शिपायाच्या तोंडून केलेली राज्यकारभाराची चिरफाड आहे. तो लिहिला गेला सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधीवर आणि छापला गेला १७९० मध्ये. कौतुचा समकालीन फ्रांसिश्कु रोद्रिगिश सिल्व्हैरा यानेही हिंदुस्थानात शिपाईगिरी केली आणि सैन्यसुधारणेवर मोठे लिखाण केले. त्याचे सांगणे थोडक्यात असे : आपले लोक शूर आहेत, पण ते झुंडीने धावतात, युरोपातल्यासारख्या कंपन्या, ठरलेले अधिकारी आणि नेमलेली शिस्त असल्याशिवाय हे राज्य टिकणार नाही. सैन्याची दुखणी सैनिकाने सांगितली की त्यांना वेगळे वजन येते. नव्या अभ्यासकाने या दोघांपासून सुरुवात केली तर त्याचा पाया पक्का होईल.

साष्टी आणि वसईच्या मुलखात पोसण्याची वेगळी तऱ्हा होती. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगिजांना तोडून दिला. त्यानंतर इथली गावे ठरावीक वार्षिक फाळ्यावर पोर्तुगीज कुटुंबांना, उमरावांना आणि धर्मसंस्थांना दिली गेली. कोलेकल्याण पेसोआच्या पदरात पडले ते या रीतीनेच. अशा गावधारकांवर फाळ्याखेरीज एक अट असे : हाक आली की घोडा आणि बंदूकवाले शिपाई घेऊन हजर व्हायचे. मराठी वाचकाला यात सरंजामाची ओळख पटेल. आपल्याकडेही मुलूख लावून देऊन त्यातून स्वार उभे करण्याची चाल होती. दोन्हींकडे धोका एकच होता. गाव पिढ्यानपिढ्या घरात राहिले की त्याचे उत्पन्न घराचे होते आणि हजर करायचा घोडा हळूहळू कागदावरचा घोडा होतो. साष्टीची भातशेती, मिठागरे, ताडी-माडीचे उत्पन्न यांतून सैन्य उभे राहायचे होते. प्रत्यक्षात वसईत देखणे वाडे आणि चर्च उभी राहिली आणि तटावर पहारा द्यायला माणसे अपुरी पडू लागली.

तिसरा प्रश्न शिक्षणाचा. पोर्तुगालने या बाबतीत आळस केला असे म्हणता येणार नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभीच स्विस पायदळाच्या धर्तीवर भालाइतांच्या रांगा बांधून कवायत घेण्याचे प्रयत्न झाले आणि आफोंसु द आल्बुकेर्क याने गोव्यातही तो प्रयोग करून पाहिला. पण खरा पाया घातला तो राजा सेबाश्तियांव याने १० डिसेंबर १५७० रोजी काढलेल्या नियमावलीने. तिने सगळ्या देशाचे एक नागरी सैन्य कल्पिले. एका कंपनीत २५० माणसे. तिच्या २५ माणसांच्या दहा तुकड्या. प्रत्येक तुकडीवर एक 'काबु'. कंपनीवर कप्तान, त्याच्याखाली निशाण वाहणारा 'आल्फेरिश', मग सार्जंट आणि ढोलवाला. गावचा मालक गावात असेल तर तोच तिथला मुख्य कप्तान. नसेल तर नगरसभेने निवडायचा.

या नियमावलीतला रविवार डोळ्यांसमोर आणून पाहावा. चर्चमधली प्रार्थना आटोपते. चौकात ढोल वाजतो. चांभार, कोष्टी, शेतकरी आपापल्या काबुच्या मागे उभे राहतात. कोणाच्या हातात भाला, कोणाच्या हातात धनुष्य, कोणाकडे तोडेदार बंदूक. नावे पुकारली जातात. गैरहजर असेल त्याला दंड. मग रांग धरणे, वळणे, एकत्र थांबणे, नेम धरणे. वर्षातून दोनदा, ईस्टरच्या आठवड्यात आणि सप्टेंबरात संत मिगेलच्या सणाला, आसपासच्या सगळ्या कंपन्यांची एकत्र झडती. सैन्याचे शिक्षण सणवारांच्या पंचांगात बसवून देण्याची ही कल्पना फार शहाणपणाची होती. शेतीचे दिवस मोडत नव्हते आणि माणूस हत्यार विसरतही नव्हता.

या सरावाची गरज किती होती, हे त्या काळची बंदूक समजून घेतल्याशिवाय कळत नाही. दारू मोजून नळीत ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानाच्या बशीत बारीक दारू घालायची, पेटती जामगरी, म्हणजे वात, दारूपासून लांब धरून फुंकायची, ती खटक्याला लावायची आणि मगच चाप ओढायचा. यातली एक पायरी चुकली तर बार फुसका जातो किंवा शेजाऱ्याच्या अंगावर उडतो. याकोब द गेन या डच चित्रकाराने १६०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कवायतीच्या पुस्तकात एकट्या मस्केट बंदुकीसाठी ४३ हालचाली चित्रांनी दाखवल्या आहेत. शंभर माणसांनी त्या एका हुकमासरशी कराव्यात, एका रांगेने बार काढून मागे जावे आणि दुसरीने पुढे यावे, यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागे. कोकणच्या पावसात तर जामगरी कोरडी ठेवणे हेच एक शिक्षण होते.

पोर्तुगालच्या पुढच्या सुधारणांचा क्रम अभ्यासकाने मनात पक्का ठेवावा. १५७८ मध्ये सेबाश्तियांव मोरोक्कोतल्या अल्कासेर किबिरच्या लढाईत पडला, १५८० मध्ये देश स्पेनच्या राजाकडे गेला आणि १६४० मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात युद्धमंडळ स्थापन झाले आणि सैन्याच्या तीन फळ्या ठरल्या : पहिली पगारी, दुसरी मदतीची आणि तिसरी गावोगावच्या जुन्या नागरी कंपन्यांची. पगारी फळीचे एकक 'तेर्सु' होते. त्याचा मुख्य 'मेश्त्रि द कांपु', पण कवायतीची खरी जबाबदारी 'सार्जेंतु-मोर' या अधिकाऱ्यावर असे. १६४७ मध्ये लुईश सेर्रांव पिमेंतेल याच्या हाताखाली लिस्बनला किल्लेबांधणीचा वर्ग सुरू झाला. १७०७ मध्ये तेर्सु मोडून रेजिमेंट आल्या. १७६२ मध्ये जर्मन सेनानी काउंट लिप्पे याला बोलावून सारी फौज नव्याने घडवण्यात आली आणि त्याची नियमावली दीर्घकाळ प्रमाण राहिली. १८०९ मध्ये नेपोलियनच्या स्वारीत हेच काम ब्रिटिश सेनानी बेरेसफर्डने केले. लहान देशाने परक्या गुरूंकडून न लाजता शिकावे आणि ते आपल्या भाषेत नियमबद्ध करावे, ही पोर्तुगीज लष्करी परंपरेची मोठी जमेची बाजू आहे.

प्रश्न असा की यातले साष्टीपर्यंत काय पोहोचले? याचे उत्तर १७३७ ने दिले. ठाण्याचा किल्ला तेव्हा बांधून पुरा झालेला नव्हता. मार्च-एप्रिलच्या सुमारास मराठी फौजा खाडी ओलांडून आल्या आणि ठाणे हातचे गेले. उत्तरेचा सेनापती लुईश बोतेल्यु तिथून निघून गेला. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी स्थानिक माणसे वर्षानुवर्षे पेशव्यांकडे साष्टीसाठी आग्रह धरत होती. धर्मछळाने दुखावलेला मुलूख त्यांच्या पाठीशी होता. ज्या गावांच्या उत्पन्नावर फौज पोसायची त्याच गावांनी पाठ फिरवली, तेव्हा फौजेचे मूळच तुटले. ठाणे परत घेण्यासाठी आलेला सेनापती पेद्रु द मेलु १७३८ च्या अखेरीस ठाण्याच्या खाडीत पडला. १७३९ मध्ये वेसावे गेले. वांद्र्याचा १६४० साली बांधलेला किल्ला मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून मुंबईकर इंग्रजांच्या सल्ल्याने पाडण्यात आला. त्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सुरुंगांनी वसईच्या सेबाश्तियांव बुरुजाला खिंडार पाडले आणि किल्ल्याने तह मागितला. शिबंदीला हत्यारांसह, ढोल वाजवत, निशाणे फडकावत बाहेर पडण्याची मुभा मिळाली. ती फौज शेवटच्या दिवसांत जिद्दीने लढली होती आणि मराठ्यांनी तिचा तो मान राखला. शौर्याची कमतरता दोन्हीकडे नव्हती. कमी पडले ते माणूस, पैसा आणि भोवतालच्या मुलखाचा विश्वास.

हाच विषय माहीमच्या खाडीपलीकडून पाहिला तर आणखी उमगतो. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारात इंग्लंडच्या राजाला मिळाले आणि १६६५ च्या फेब्रुवारीत ताब्यात आले. त्यासाठी अब्राहम शिपमनबरोबर सुमारे चारशे सैनिक निघाले होते. अंजदीव बेटावरच्या मुक्कामात त्यांतले बहुतेक मेले, खुद्द शिपमनही गेला आणि शंभराच्या आसपास माणसे मुंबईत उतरली. १६६८ मध्ये बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आले तेव्हा ही शिबंदीही तिच्या नोकरीत आली. वाकोल्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, खाडीच्या अल्याड आणि पल्याड, सत्तर वर्षे दोन युरोपीय सैन्ये समोरासमोर होती. कंपनीने गावे वाटून सैन्य पोसले नाही. तिने तिजोरीतून नियमित पगार दिला आणि पुढे स्थानिक शिपायांच्या कायम पलटणी बांधल्या. १७६८ मध्ये उभ्या केलेल्या अशा एका पलटणीतूनच आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची 'जंगी पलटण' आली. साष्टी १७३९ पासून मराठ्यांकडे होती. १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. कोलेकल्याणसह ही गावे १८०८ मध्ये होरमसजी बमनजी वाडिया यांना अपोलो बंदराजवळच्या जागेच्या बदल्यात देण्यात आली. शिपायाच्या चाकरीचा मोबदला असलेली जमीन आता व्यापाऱ्याच्या मालमत्तेचा मोबदला झाली. दोन राज्यव्यवस्थांमधला सारा फरक या एका व्यवहारात दिसतो.

मराठ्यांनीही युरोपीय शिक्षणाचा विचार केला होता. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी पानिपतावर लढल्या. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून बनवा द ब्वान्य या सव्हॉयच्या अधिकाऱ्याकडून कवायती कंपू उभे केले आणि त्यांच्या पगारासाठी दोआबातला मुलूख लावून दिला. त्या मुलखाचे उत्पन्न थेट शिपायांच्या पगाराला जाई, म्हणून ते कंपू टिकले आणि लढले. साष्टीतल्या पोर्तुगीज व्यवस्थेशी या कंपूंची तुलना कोणी तरी सविस्तर करायला हवी. जमिनीवर सैन्य पोसण्याची चाल तीच, पण हिशेब राखणारा हात वेगळा असला की निकाल किती बदलतो, हे त्यातून सिद्ध होईल.

वसई गेल्यावर पोर्तुगीज सैन्याची कथा गोव्यात चालू राहिली आणि तिथेही मराठी माणूस तिच्या आतच होता. १८४१ मध्ये गोव्यात गणित व लष्करी शिक्षणाची शाळा निघाली. तिथे तोफखाना, किल्लेबांधणी आणि मोजणी शिकवली जाई. १८७१ च्या लष्करी बंडानंतर गोव्याचे हे सैन्य मोडण्यात आले आणि ती शाळाही बंद झाली. तरीही गोव्यात मराठा शिपाई चाकरीत राहिले. १८९५ च्या सप्टेंबरात त्यांना आफ्रिकेत मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला. त्यांनी तो नाकारला, ते बाहेर पडले आणि सत्तरीच्या राण्यांना जाऊन मिळाले. हे बंड मोडण्यासाठी पोर्तुगालहून खुद्द राजाचा भाऊ आफोंसु फौज घेऊन आला. १९ डिसेंबर १९६१ रोजी शेवटचा गव्हर्नर-जनरल व्हासालु इ सिल्व्हा याने भारतीय सेनेपुढे शरणागती पत्करली आणि साडेचारशे वर्षांचे हे प्रकरण संपले. आजच्या पोर्तुगालमध्ये सक्तीची लष्करी भरती नाही. ती २००४ मध्ये संपली. तिथले सैन्य आता पगारी आणि स्वेच्छेचे आहे.

या क्षेत्रात आपल्याआधी चालून गेलेले थोर लोक आहेत. डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य घालवले. किल्ल्यांच्या नियमावल्यांचा त्यांनी १९५१ मध्ये संपादित केलेला ग्रंथ हा आपल्या विषयाचा खजिना आहे. कोणत्या ठाण्यावर किती माणसे आणि कोणाला किती पगार, हे त्यात ओळीओळीने दिले आहे. त्यांचे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' मराठीत आहे आणि ते प्रत्येकाने वाचावे. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ मध्ये मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर पुस्तक लिहिले. तशी पोर्तुगीज सैन्याची बाजू मराठीत लिहिली जाण्याची गरज अजून आहे. राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर साष्टीच्या गावांची आणि माणसांची ओळख करून देते. सरदेसाईंनी संपादलेल्या पेशवे दफ्तराच्या खंडांत मोहिमेतली मूळ पत्रे आहेत. पोर्तुगीज बाजूने, हिंदुस्थानात नोकरी केलेल्या आंद्रे रिबैरु कौतिन्यु याने १७५१ मध्ये लिस्बनला छापलेला पायदळाच्या कप्तानावरचा दोन खंडांचा ग्रंथ आहे. पोर्तुगीज कप्तानाने काय जाणावे आणि काय करावे, हे त्यात सांगितले आहे.

काम करताना तीन सावधगिऱ्या बाळगाव्यात. पहिली तारखांची. पोर्तुगिजांनी १५८२ मध्ये नवे ग्रेगोरियन पंचांग घेतले, मुंबईच्या इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत घेतले नाही. वसईच्या मोहिमेच्या काळात दोघांच्या कागदांत अकरा दिवसांचे अंतर पडते आणि मराठी पत्रे तर तिथीवर किंवा अरबी महिन्यावर चालतात. ही जुळणी न करता लिहिलेला घटनाक्रम उलटसुलट होतो. दुसरी ठिकाणांची. पोर्तुगीज कागदांत साष्टी दोन आहेत, एक आपली मुंबईजवळची आणि दुसरी गोव्यातली. संदर्भ न पाहता एकीचे आकडे दुसरीच्या नावावर घालण्याचा प्रमाद सहज घडतो. तिसरी आकड्यांची. नियमावलीतली संख्या ही इच्छा असते, हजेरीपटातली संख्या हा दावा असतो आणि तहाच्या वेळी किल्ल्याबाहेर पडलेली माणसे ही वस्तुस्थिती असते. तिन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय सैन्याविषयी एकही विधान करू नये.

पुढे करण्यासारखे काम विपुल आहे. साष्टीतल्या गावांच्या पोर्तुगीज सनदा आणि त्यांवरच्या घोडे-बंदुकांच्या अटी यांची गाववार यादी मराठीत झालेली नाही. उत्तरेच्या मुलखातले नायक आणि लास्कारिं शिपाई कोण होते, कोणत्या जातींचे आणि गावांचे होते, १७३९ नंतर ते कुठे गेले, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. गोव्याच्या लष्करी शाळेत शिकलेल्यांचा, १८९५ च्या मराठा शिपायांचा इतिहास त्यांच्या घराण्यांकडून अजून ऐकून घेता येईल. वाकोला, कलिना, मरोळ, कुर्ला इथल्या जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांकडे जमिनीचे कागद आणि चर्चच्या नोंदी आहेत. गावठाणे झपाट्याने बदलत आहेत आणि हे कागद घराबरोबर नाहीसे होण्याचा धोका खरा आहे.

या अभ्यासाला दोन साधने लागतात : पोर्तुगीज भाषा आणि मोडी लिपी. दोन्ही चिकाटीने शिकता येतात आणि दोन्ही येणारा माणूस आज दुर्मीळ आहे. मराठी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ही दोन्ही शिकावीत, आपल्या गावापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक कागदाला एकच प्रश्न आधी विचारावा : या शिपायाचा पगार कोणी दिला, आणि तो खरोखर त्याच्या हातात पडला का?